अक्षता पडताना चित्र का फुटतं?

लग्नाची जुनी मिनी-डीव्ही कॅसेट संगणकात उतरवली की तासाभराच्या चित्रीकरणाला साधारण १३ जीबी जागा लागते. एवढी फाइल परगावच्या मामाला पाठवायची कशी? मग कुणीतरी सांगतं, 'एमपी४ करून टाक.'

पण एमपी४ हा नुसता डबा आहे. डबा बदलला म्हणून आतला ऐवज कमी होत नाही. आकार ठरवतो तो कोडेक, म्हणजे चित्र दाबून बसवण्याची रीत. कॅसेटवरची डीव्ही पद्धत सेकंदाची २५ चित्रं सुटी सुटी साठवते. २००३ मध्ये आलेली एच.२६४ पद्धत मात्र शेजारशेजारची चित्रं ताडून पाहते. मांडव तोच, अंतरपाट तोच, भटजी जागचे हललेले नाहीत. मग ते पुन्हा कशाला लिहायचं? अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मध्ये फक्त काय कुठे सरकलं त्याची नोंद.

उरलेलं चित्र लहान चौकोनांत तोडून, डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे सोडून दिले जातात. या गणिताचं मूळ बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांच्याकडे जातं. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेत या कल्पनेसाठी अनुदान मागितलं, तेव्हा ती फारच साधी वाटल्याने नाकारली गेली. १९७४ मध्ये त्यांनी नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत ती प्रसिद्ध केली. आज जगभरचे फोटो आणि व्हिडिओ त्याच गणितावर किंवा त्याच्या भावंडांवर चालतात. हे नाव आपल्या शाळांत शिकवलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता मंगलाष्टकं संपतात आणि अक्षता उडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची वाट वेगळी. आधीच्या चित्रावरून पुढचं सांगता येईना. जागा तोकडी पडली की नेमक्या त्याच क्षणी वधूवरांचे चेहरे चौकोनांत फुटतात. म्हणून 'फाइल ५०० एमबीची कर' असा हुकूम देऊ नये. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये आकाराऐवजी दर्जा ठरवता येतो. तिथला आरएफ आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. जुन्या कॅसेटसाठी एच.२६४ घेऊन २० च्या आसपास ठेवा. मग अक्षतांना हवी तेवढी जागा मिळते, आणि जेवणाच्या पंगतीत ती आपोआप वाचते. हलणाऱ्या हातांना फणीसारखे दाते दिसत असतील तर डीइंटरलेस सुरू करा. कॅसेटवर प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत घेतलेलं असतं, त्याची ती खूण.

२०१३ ची एच.२६५ पद्धत आणखी कमी जागा घेते, पण मामाचा टीव्ही जुना असेल तर ती चालेलच असं नाही.

सगळा व्हिडिओ बदलायला लावण्याआधी अक्षतांचा अर्धा मिनिट तेवढा करून बघा. आणि ते १३ जीबी पुसू नका. एकदा गाळलेले बारकावे परत येत नाहीत. छोट्या फाइलवरून पुन्हा छोटी केली तर आणखी जातात. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक आपल्या घरी आणि एक बहिणीकडे.