आंब्याच्या बागेचा करारनामा व कृत्रिम बुद्धि

मालवण किनाऱ्यावर हापुसाची बाग हंगामापुरती व्यापाऱ्यास करारानें देण्याची वहिवाट जुनी आहे. हा करारनामा आतां मोबाईलवरील कृत्रिम बुद्धीकडून क्षणांत मराठींत लिहून मिळतो. मसुदा सुबक असतो हें आम्हीं मान्य करतों. पण हें यंत्र असंख्य लिखाणांच्या वळणावरून पुढचा संभाव्य शब्द जुळवितें. 'बाग करारानें दिली' एवढेंच सांगितल्यास तें सहज जमिनीचा भाडेपट्टा लिहून देईल.

बागाईतदार बंधूंनीं हा भेद नीट ध्यानांत घ्यावा. १९०८ च्या नोंदणी कायद्यांत झाडावरील फळ जंगम मालमत्तेंत मोडतें. जमिनीचा पट्टा स्थावराचा, व एक वर्षाहून अधिक मुदतीचा असल्यास नोंदणी अवश्य. शिवाय १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणें दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणें कसणारा कूळ मानला जाऊं शकतो. यास्तव विक्री फळांचीच, व्यापाऱ्यास राखणीपुरती व तोडणीपुरती परवानगी, ताबा मालकाकडे, असे शब्द स्पष्ट हवेत. फवारणीचा खर्च कोणाचा, अवकाळी पावसानें मोहोर गळल्यास रक्कम कमी होणार कीं नाहीं, हेंही लिहावें.

यंत्रानें दिलेल्या कलमांच्या क्रमांकांवर तर मुळींच विसंबूं नये. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथें यंत्रानें रचलेले खोटे निवाडे कोर्टापुढें मांडल्याबद्दल वकिलांस ५,००० डॉलर दंड झाला. मग आपल्यासारख्यांची काय कथा! मसुदा वकिलास दाखवून मगच मुद्रांकावर उतरवावा, आणि सात-बाराच्या पीकपाहणींत नांव कोणाचें लागलें तें दरसाल स्वतः पाहावें.