दुय्यम हवा अंतःक्षेपण प्रणाली

दुय्यम हवा अंतःक्षेपण प्रणाली ही पेट्रोल इंजिनाच्या निष्कास मार्गात ताजी हवा सोडून तेथील कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले हायड्रोकार्बन यांचे ज्वलन पूर्ण करणारी यंत्रणा होय. सिलिंडरमध्ये इंधनासह जाणारी हवा ती प्राथमिक आणि सिलिंडरबाहेर पडलेल्या वायूंत मिसळली जाणारी ती दुय्यम, असा हा नामभेद आहे. भारतात ही यंत्रणा प्रामुख्याने मोटरसायकलींमध्ये व काही महागड्या पेट्रोल मोटारींमध्ये आढळते. गॅरेजांत ती ‘एसएआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. वाहनाच्या प्रदूषण चाचणीत, म्हणजेच पीयूसीमध्ये, तिचा परिणाम दुचाकीत एका प्रकारे तर मोटारीत अगदी उलट प्रकारे दिसतो. प्रस्तुत लेखात या परिणामाची चर्चा नवी मुंबईतील चाचणीच्या संदर्भात केली आहे.

कार्य

थंड इंजिन सुरू होताना मिश्रणात इंधनाचे प्रमाण जास्त ठेवावे लागते. त्यामुळे धुरात अर्धवट जळालेले घटक वाढतात. आणि नेमके याच वेळी उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, निकामी असतो, कारण सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान गाठल्याशिवाय त्याचे कार्य सुरू होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ सोडलेली हवा तप्त वायूंना प्राणवायू पुरवते. कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड होते, हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते, आणि या ज्वलनाच्या उष्णतेने परिवर्तकही लवकर तापतो.

मोटारींमध्ये ही हवा विजेवर चालणारा पंप पुरवतो. तो थंड इंजिन सुरू झाल्यावर साधारणतः एक-दीड मिनिटच चालतो व नंतर बंद होतो. मोटरसायकलींत पंप नसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडमीट करताना निष्कास नळीत दाबाच्या लाटा निर्माण होतात. दाब वातावरणाच्या खाली गेला की पातळ पोलादी पात्याची रीड झडप उघडते आणि एअर फिल्टरमार्गे आलेली हवा आत ओढली जाते. दाब वाढताच पाते मिटते. हा प्रकार इंजिन तापल्यावरही, विशेषतः मंद गतीत, चालू राहतो. वेग एकदम सोडल्यास सायलेन्सरमध्ये फटाके फुटू नयेत म्हणून इनटेकच्या निर्वाताने चालणारी आणखी एक झडप तेवढ्यापुरती हवा बंद करते. यामाहाची ‘एआयएस’, सुझुकीची ‘पेअर’ आणि कावासाकीची ‘केसीए’ ही याच तत्त्वाची व्यापारी नावे आहेत.

नवी मुंबईतील चाचणी

नवी मुंबई प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे नोंदलेल्या वाहनांना एमएच ४३, तर खारघर, कळंबोली, कामोठे या भागांसह पनवेल कार्यालयाकडील वाहनांना एमएच ४६ ही अक्षरे असतात. चाचणीचे निकष मात्र देशभर एकच असून ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ ने ठरवले आहेत. पहिल्या नोंदणीस एक वर्ष झाल्यानंतर प्रमाणपत्र आवश्यक ठरते. त्याची मुदत सहा महिने, आणि भारत स्टेज चार व सहा वाहनांसाठी बारा महिने असते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती किंवा न्हावा शेवा बंदर येथे ये-जा करणारे ट्रक डिझेलवर चालतात. त्यांत ही प्रणाली नसते व त्यांची चाचणी धुराच्या घनतेवर होते. त्यामुळे पुढील विवेचन त्यांना लागू नाही.

दुचाकी: पातळ होणारा धूर

३१ मार्च २००० नंतर निर्मित चार-स्ट्रोक दुचाकींसाठी मंद गतीत कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के व हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. भारत स्टेज सहा दुचाकींसाठी ती बरीच कडक आहे. जुन्या, कार्बोरेटर असलेल्या मोटरसायकलीबाबत एक प्रश्न उद्भवतो. रीड झडपेतून आलेली हवा वायू जाळते, तशीच ती धूर पातळही करते. समजा, इंजिनाबाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड ४ टक्के व कार्बन डायऑक्साइड ११ टक्के आहे. अशा १० भाग वायूत २.५ भाग हवा नुसती मिसळली, काहीही जळले नाही, तरी यंत्रावर ३.२ टक्के दिसेल. नापास होणारी गाडी अशा रीतीने पास होते, आणि हवेत जाणारा विषारी वायू एका कणानेही घटलेला नसतो.

हा फरक ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. वरील उदाहरणात कार्बन डायऑक्साइडही ११ वरून ८.८ टक्क्यांवर येतो. दोन्ही वायूंची बेरीज १५ वरून १२ झाली, याचा अर्थ धुरात बाहेरची हवा शिरली. युरोपीय दुचाकी नियमांत चार-स्ट्रोक इंजिनासाठी मोजलेल्या कार्बन मोनॉक्साइडला १५ ने गुणून या बेरजेने भागतात, ३.२ गुणिले १५ भागिले १२ म्हणजे पुन्हा ४ टक्केच. भारतातील दुचाकीच्या पीयूसीत मर्यादेशी ताडली जातात ती कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन ही दोनच मूल्ये. नमुना घेणारी नळी सायलेन्सरमध्ये पुरेशी खोल न घातल्यासही हाच परिणाम होतो.

मोटार: उलट न्याय

भारत स्टेज चार व पुढील पेट्रोल मोटारींना मंद गतीत ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड व २०० पीपीएम हायड्रोकार्बन या मर्यादा आहेत. शिवाय मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर लॅम्डा, म्हणजे हवा-इंधन समतोलाचा गुणांक, ०.९७ ते १.०३ दरम्यान असावा लागतो. पंपापुढील झडप गळत असल्यास तापलेल्या इंजिनातही हवा झिरपते, लॅम्डा वाढतो व गाडी नापास होते. दुचाकीला तारणारी हवा मोटारीला बुडवते. याउलट पंपच जळाला असेल तर पीयूसीत काहीच दिसत नाही, कारण चाचणी गरम इंजिनावर होते आणि पंपाचे काम थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटातले आहे. हा दोष गाडीचा संगणक तेवढा टिपतो. प्रणालीतील बिघाडासाठी पी ०४१० आणि अयोग्य प्रवाहासाठी पी ०४११ हे संकेतांक नोंदले जातात व चेक इंजिनचा दिवा लागतो.

अमेरिकेत अनेक राज्यांत चाचणी याच संगणकाद्वारे होते. प्रत्येक उपप्रणालीची स्वयंतपासणी पूर्ण झाली आहे का, हे आधी पाहिले जाते. त्याला सज्जता म्हणतात. बॅटरी काढून किंवा संकेतांक पुसून दिवा विझवला तर सज्जतेच्या नोंदीही पुसल्या जातात आणि लबाडी उघड होते. पीयूसीत ही पाहणी नाही. दिवा विझवून थेट चाचणीला जाणे येथे शक्य होते, ते यामुळेच.

चाचणीपूर्व तयारी

दुचाकीत प्रथम रबरी नळ्या पाहाव्यात. सिलिंडरजवळच्या उष्णतेने त्या कडक होऊन तडकतात आणि हवा निष्कास मार्गात न जाता वाटेतच निसटते. रीड झडपेवर काजळी बसल्यास पाते पूर्ण मिटत नाही व गरम धूर उलट दिशेने एअर फिल्टरपर्यंत येतो. झडपेकडची नळी आतून काळी पडलेली असणे ही त्याची खूण. खाडीकाठच्या दमट हवेत धातूचे भाग लवकर गंजतात, म्हणून सायलेन्सर व बेंड पाइपच्या जोडावरील गॅस्केट पावसाळ्यानंतर तपासणे उचित. फटाक्यांचा आवाज थांबवण्यासाठी काही मेकॅनिक ही नळी बोळा घालून कायमची बंद करतात. त्याने आवाज जातो, मूळ कारण मात्र बहुधा गळका जोड किंवा बिघडलेले मिश्रण हे असते.

मिश्रणाची खरी स्थिती जाणण्यासाठी दुय्यम हवेची नळी तात्पुरती बंद करून कार्बोरेटर उत्पादकाने दिलेल्या मूल्यावर लावतात आणि नंतर नळी पूर्ववत जोडतात. हा क्रम टाळून केवळ चाचणीयंत्रावरील आकड्याकडे पाहत स्क्रू फिरवल्यास वर सांगितलेला पातळ धूर मिश्रणाचा दोष झाकतो.

मोटारीत पंपाचा फ्यूज, रिले व झडप या क्रमाने तपासणी होते. झडप गळकी असताना नुसता पंप बदलणे व्यर्थ ठरते, कारण धुरातील बाष्प उलट येऊन पंपात साचते व नवा पंपही गंजतो. दुरुस्तीनंतर संगणकाची स्वयंतपासणी होण्यासाठी इंजिन खरोखर थंड असावे लागते. नवी मुंबईच्या उकाड्यात दुपारी दोन-तीन तास उभी केलेली गाडी त्यासाठी पुरत नाही. ती रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करावी आणि पहिली काही मिनिटे मंद गतीत चालू द्यावी. पीयूसीसाठी मात्र याच्या उलट, इंजिन पूर्ण तापलेले हवे.