पॉझिटिव्ह म्हणजे ‘नको’

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय, ते मागे ठेववत नाही. त्यांच्या वहिनींना किडनी हवी आहे, दादा द्यायला तयार आहेत, रक्तगटही एकच. क्रॉसमॅच ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून घरच्यांचा जीव भांड्यात पडला, आणि डॉक्टर म्हणाले, ही किडनी घेता येणार नाही. ताई विचारतात, ‘पॉझिटिव्ह आहे, मग अडलं कुठे?’

ताई, या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे ‘नको’.

क्रॉसमॅचसाठी तळहातात मावणारा प्लॅस्टिकचा ट्रे असतो, त्यात मोहरीच्या दाण्याएवढे 60 किंवा 72 खळगे. खळग्यात तेलाचा थेंब, नाहीतर आतलं सगळं सुकून जाईल. त्याखाली पेशंटचं सीरम, फक्त 1 मायक्रोलिटर, आणि त्यात दात्याच्या लिम्फोसाइट पेशी. थोड्या वेळाने सशाचं सीरम घालायचं, शेवटी रंग. पेशंटच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी असल्या तर त्या पेशींना चिकटतात, सशाच्या सीरममधली कॉम्प्लिमेंट प्रथिनं पेशीला भोकं पाडतात आणि रंग आत शिरतो. जिवंत पेशी दवबिंदूसारखी लखलखते. मेलेली फुगून काळवंडते. इतकी वर्षं बघतोय, पण काळा खळगा दिसला की आजही पोटात गोळा येतो.

हा ट्रे पॉल टेरासाकींचा. शाळकरी वयात, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून अमेरिकेने त्यांना कुटुंबासह ॲरिझोनातल्या छावणीत डांबलं होतं. पुढे लॉस एंजेलिसला त्यांनी 1964 मध्ये ही तपासणी थेंबभर सीरमवर आणली. 1969 साली पटेल आणि टेरासाकी यांनी हिशेब मांडला: क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या 30 किडन्यांपैकी 24 लगेच बंद पडल्या, निगेटिव्ह असलेल्या 195 पैकी 8. अशी किडनी कधीकधी टेबलावरच, रक्त सुरू केल्यावर काही मिनिटांत निळी पडते. त्या दोन आकड्यांनंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवणं कुणालाच पटेना.

पण वहिनींच्या रक्तात दादांविरुद्ध अँटिबॉडी आल्या कुठून? पत्रात एक ओळ आहे: त्यांना दोन मुलं आहेत. उत्तर बहुधा तिथेच आहे. पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात; बाळाच्या या खुणांपैकी निम्म्या बापाच्या, म्हणजे इथे दादांच्या. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि काही आयांचं शरीर त्या निम्म्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. लायडनचे यान व्हान रूड आणि स्टॅनफर्डच्या रोझ पेन यांनी हे 1958 मध्ये दाखवलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पुढे कित्येक वर्षं जगभरच्या लॅबमध्ये एचएलए ओळखायला जे सीरम वापरलं, ते मुख्यतः अशा आयांचंच होतं. टेरासाकींचे खळगेही त्याच सीरमने भरले जात. दान मिळालेलं सीरम जपून वापरायचं, म्हणून तर थेंब एवढा लहान.

तेव्हा वहिनींना कुणी दोष देऊ नका. पूर्वी कधी रक्त चढवलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सिंगल अँटिजेन बीड्सची तपासणी झाली आहे का, विचारा. अँटिबॉडी नेमक्या कुठल्या खुणेविरुद्ध आणि किती जोरकस आहेत, ते तीत कळतं. आणि स्वॅपच्या यादीत नाव घाला: दादांची किडनी दुसऱ्या कुणाला, त्यांच्या माणसाची वहिनींना. अशी जोडी जुळली की ट्रे पुन्हा लावायचा, नव्या दात्याच्या पेशी घेऊन.