मंदीत फ्लॅट विकताना

दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही. मुंबई-पुण्यात जुन्या फ्लॅटसाठी एजंट साधारण 1 ते 2 टक्के मागतात. जीएसटी नोंदणी असेल तर वर 18 टक्के. आकडा आधीच लेखी घ्या.

खरी काळजी भाव उतरवताना घ्यायला हवी. ‘लवकर निघेल’ म्हणून एजंट किंमत कमी करायला सांगतो, पण रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत सौद्याच्या 110 टक्क्यांहून जास्त भरली, तर भांडवली नफा रेकनरनेच मोजतात. हाती न आलेल्या पैशांवर कर! बाजारभाव खरोखरच कमी असेल, तर आयकर अधिकाऱ्याकडे मूल्यांकनाची मागणी जरूर करा. मुद्रांक शुल्क मात्र रेकनरच्याच दराने लागते.

शहरातील गृहनिर्माण सोसायटीला हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त 25,000 रुपये घेता येते.