रेघ आणि भिंत : पाडण्याआधी मोजा

या आठवड्यात आर्किटेक्चर कॉलेजातल्या ज्युरीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण कळमनुरी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर थांबण्यासारखं नाही. ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावात आजोबांचं माळवदाचं घर आहे. यंदा हळदीचे पैसे बरे आले, तेव्हा दिवाळीनंतर ते पाडून स्लॅबचं बांधायचं घरात ठरलंय. ती विचारते, "सर, सुट्टीत ते घर मोजून काढलं तर काही उपयोग होईल का? कॉलेजात सगळे म्हणतात, मोजायचंच तर औंढ्याचं देऊळ मोज."

जरूर मोज. आधी घर, मग देऊळ. देऊळ पुढच्या वर्षीही तिथंच असेल.

औंढा नागनाथ मोजण्यासारखं आहेच. खालचं कोरीव दगडी काम जिथं संपतं आणि वरचं वीट-चुन्याचं काम जिथं सुरू होतं, त्या सांध्यापाशी तासभर उभं राहिलं तरी पुष्कळ शिकता येतं. जुन्या इमारती मोजून शिकायची परंपराही आपल्याकडे रुजलेली आहे. मुंबईच्या जे.जे.मध्ये क्लॉड बॅटली यांनी ती जोपासली. आज विद्यार्थ्यांच्या 'नासा' संघटनेच्या स्पर्धांमध्ये अशा कामासाठी लुई कान ट्रॉफी असते. पण मुलं मोजतात ती बहुतेक देवळं, किल्ले आणि सरदारांचे वाडे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या चार खणांच्या घराचा नीट काढलेला छेद शोधायला जा, हाती फारसं काही लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर तोच छेद सगळ्यात मोलाचा. 2011 च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्यातले जेमतेम 15 टक्के लोक शहरात राहत होते. इथलं शहरीकरण टॉवर उभे राहून होत नाही. ते वसमत, सेनगाव, कळमनुरीच्या गावागावांत एकेक माळवद उतरवून आणि त्या जागी एकेक स्लॅब टाकून होतंय. तो बदल घडत असताना आपल्या वर्गात मात्र दगडी भिंत पहिल्या वर्षात उरकली जाते आणि पुढची चार वर्षं कॉलम-बीममध्ये जातात. आपण काय पाडतोय हे न समजता मूल स्लॅब काढायला शिकतं. माझी खरी तक्रार ही आहे.

आता मोजायचं कसं ते सांगतो. एकटीनं जाऊ नकोस, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. ओळंबा घे. गवंड्याकडची पाण्याची नळी घे, कारण जमीन सपाट दिसते तेवढी सपाट नसते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घे. या घरांत काटकोन क्वचितच सापडतो, आणि कर्ण घेतले नाहीत तर कागदावर खोली जुळत नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळेल. माळवदाची जाडी मिळेल ती उजेडासाठी ठेवलेल्या सवण्यात. तिथून टेप सोडलीस की वरची माती, तिच्याखालचा काड्या-पाल्याचा थर, फळ्या आणि तुळई असा सगळा थर वाचता येईल. आजोबांना विचार, पावसाळ्याआधी दरवर्षी किती टोपल्या पांढरी माती वर टाकत होते. नवी पडायची, जुनी क्वचितच उतरायची, म्हणून माळवद वर्षागणिक जाड होत गेलेलं असतं.

मग गणित मांड. समज, मातीची जाडी दीड फूट भरली. माती घनमीटरला साधारण 1600 किलो धर. म्हणजे चौरस मीटरला 700 किलोंच्या वर वजन झालं. दहा बाय बाराच्या खोलीवर सुमारे 8 टन. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर साडेतीन टन. मे महिन्यात माळवदाखाली का गार वाटतं आणि स्लॅबखाली रात्रीही का उकडतं, याचं उत्तर त्याच दीड फुटात आहे. आणि धोकाही तिथंच आहे.

ते 8 टन तोलतं कोण, हे छेदातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. काही घरांत तुळया थेट भिंतीवर टेकतात, काही घरांत लाकडी खांबांवर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे 8 हजार माणसं गेली. गणपती विसर्जनानंतर दमून झोपलेली माणसं भिंतींखाली आणि मातीखाली गाडली गेली. नंतरच्या पाहण्यांत एक गोष्ट पुढे आली. जिथं लाकडी सांगाडा मजबूत होता, अशा काही घरांच्या भिंती ढासळल्या तरी छप्पर खांबांवर टिकलं. म्हणून प्रत्येक खांब नकाशात दाखव, तो भिंतीत गाडलेला असला तरी.

भिंत पडते कशी, हेही बघून घे. बाहेरून दोन-अडीच फुटांची दिसणारी ही भिंत असते दोन पातळ भिंतींची: बाहेरचे दगड एका रांगेत, आतले दुसऱ्या, मधे माती आणि कपच्या. हादरा बसला की दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात. उपाय साधा आहे, भिंतीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पोचणारे आरपार दगड. किल्लारीच्या वर्षीच आलेल्या आयएस 13828 या मानकात ते उंचीच्या दर 60 सेंटीमीटरला आणि आडवे 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता घालायला सांगितलेत. आजोबांच्या भिंतीत असे दगड आहेत का? पडलेला एखादा कोपरा किंवा गोठ्याची उघडी भिंत बघ, कळेल.

हा विषय आपल्यासाठी पुस्तकी नाही. 21 मार्च 2024 ला आणि पुन्हा 10 जुलैला हिंगोली जिल्ह्यातच केंद्र असलेले 4.5 रिश्टरचे धक्के बसले. मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानं लोकांना पत्र्यावर ठेवलेले धोंडे काढायला सांगितलं. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला धोंडा भूकंपात डोक्यात पडतो. छपरावर ठेवलेल्या प्रत्येक किलोचा हिशोब द्यावा लागतो, हे वर्गात समजावायला मला सहा-सहा तास लागतात. त्या एका सूचनेत ते सगळं आलं.

म्हणून तुझ्या वडिलांसाठीही दोन शब्द. स्लॅब हवा वाटणं यात चूक काहीच नाही. दरवर्षी माती टाकायला माणसं मिळत नाहीत, सागाचं लाकूड परवडत नाही, पावसात गळतं ते वेगळंच. पण खर्च वाचवायला जुन्या मातीकामाच्या भिंती तशाच ठेवून त्यांवर स्लॅब टाकू नका. अनेक गावांत हे होतंय, आणि माझ्या मते माळवदापेक्षाही ते जास्त भीतीचं आहे, कारण वरचं घर नवं दिसतं आणि खालची भिंत विस्मरणात जाते. नव्या घराला जोत्याला, लिंटलला आणि स्लॅबखाली असे काँक्रीटचे सलग पट्टे भिंतभर फिरवून घ्या. घर लगेच पाडायचं नसेल तर माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार बांधणी करून घ्या. किल्लारीनंतरच्या दुरुस्ती-मजबुतीच्या कामांत हेच उपाय होते.

आणि मुली, तू 1:20 ला एक छेद काढ. ओसरीपासून मागच्या भिंतीपर्यंत, पायासकट. मोजमापं प्रत्येक ठिकाणी लिही, जाडी अंदाजानं लिहू नकोस. नव्या घराचा नकाशा तूच काढणार असशील तर तो या छेदाशेजारी ठेवून काढ: ओसरीची सावली कुठे गेली, सवण्याचा उजेड कशातून येणार, उकाडा कसा अडवणार. या प्रश्नांवर तू वडिलांशी आणि गवंड्याशी बोललीस की स्टुडिओत कुठल्याही सरांसमोर बोलता येईल.

ज्युरी पुढच्या आठवड्यात. तिचा छेद तोवर आला तर मात्र आधी तो छापायला देईन. इतर वाचकांकडे पाडायला काढलेलं माळवद असेल तर त्यांनीही भिंतीची आणि मातीची जाडी मोजून कळवावी.