जुन्या लँड रोव्हरची नाडी कोणत्या यंत्राने पाहावी?

लँड रोव्हर ही मुळात शेतकऱ्याची गाडी, असे सांगितले तर आज पुष्कळांना ती थट्टा वाटेल. पण गोष्ट खरी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडातील रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर लष्कराची जुनी जीप वापरीत. ती मोडली तर तिच्या जागी काय घ्यावे, या विचारातून १९४७ साली पहिला नमुना तयार झाला आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. ट्रॅक्टरसारखा पीटीओ तिला बसवता येई. बिघाड झाला तर पान्हा, पक्कड आणि डोके एवढ्यावर काम भागे.

पुढे १९७० साली रेंज रोव्हर आली. सुरुवातीला तिचाही तळ पाण्याच्या नळीने धुता येत असे. मग गालिचे आले, कातडी खुर्च्या आल्या. १९९२ च्या सुमारास लोखंडी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या आल्या, त्यालाच एअर सस्पेन्शन म्हणतात. १९९४ च्या नव्या रेंज रोव्हरमध्ये तर दिवे, कुलपे, काचा सगळेच संगणकाच्या ताब्यात गेले. २००८ साली टाटा मोटर्सने ही कंपनी विकत घेतली आणि २०११ पासून पुण्यात फ्रीलँडर गाड्यांची जोडणी सुरू झाली. अशा रीतीने ही गाडी आपल्या शेजारी आली.

आता दहा-पंधरा वर्षे वापरलेली डिस्कव्हरी किंवा रेंज रोव्हर नव्या लहान मोटारीच्या किमतीत मिळू शकते. उसाचे बिल आले, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला, की घरातल्या तरुण मंडळींचे लक्ष तिकडे जाते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र गाडी स्वस्त झाली तरी तिचे सुटे भाग स्वस्त झालेले नाहीत, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून आधी ध्यानात घ्यावे. चुकीचा भाग एकदा बदलला की एका हंगामाच्या खताचे पैसे गेलेच म्हणून समजा. म्हणूनच गाडीतील संगणकाशी बोलणारा स्कॅनर आपल्याजवळ असावा असे मी म्हणतो. प्रश्न आहे तो कोणता घ्यावा याचा.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीचे साल पाहावे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट दिसले म्हणजे कोणताही स्कॅनर चालेल, असा समज पसरलेला आहे. सॉकेटचा आकार एक असला तरी आतली भाषा एक असतेच असे नाही. अमेरिकेत १९९६ पासून ही भाषा सक्तीने एकसारखी झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ आणि डिझेल गाड्यांना २००४ पासून हा नियम लागू झाला. आपल्याकडे तो २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत आला. त्याआधीच्या डिझेल गाडीला साधा स्कॅनर लावला तर बहुधा तो मुकाच राहतो. नव्वदच्या दशकातील कित्येक मर्सिडीज गाड्यांत तर बॉनेटखाली अडतीस पिनांचे गोल सॉकेटच निराळे असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कायद्याने एकसारखी केलेली भाषा धुराशी, म्हणजे इंजिनाशी संबंधित आहे. ऑनलाइन पाचशे-हजार रुपयांत मिळणारे आगपेटीएवढे ॲडॅप्टर फोनला जोडले की इंजिनाचे कोड दाखवते. पण ब्रेकचे एबीएस, एअरबॅग, हवेचे सस्पेन्शन, चार चाकांची ताकद वाटणारी पेटी यांचे संगणक वेगळे असतात. साध्या ॲडॅप्टरला ते बहुधा दिसत नाहीत. जुनी लँड रोव्हर रस्त्यात उभी राहते ती पुष्कळदा याच भागांपायी! इंजिन ठणठणीत आणि गाडी मात्र म्हशीसारखी बसलेली, असा प्रकार होतो.

समजा डिस्कव्हरी ३ रोज सकाळी एका कोपऱ्यावर खचलेली दिसते, आणि समोर ‘सस्पेन्शन फॉल्ट’ अशी अक्षरे उमटतात. साधे ॲडॅप्टर लावले तर ते सांगेल, बिघाड काही नाही. लँड रोव्हरसाठी बनवलेला स्कॅनर लावला तर तो सी १ए२० असा कोड दाखवील. याचा अर्थ असा, की हवेच्या टाकीत दाब फार सावकाश वाढतो आहे. गॅरेजवाला लगेच म्हणतो, कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. इथे थांबावे. पीक पिवळे पडले म्हणून कोणी डोळे मिटून युरियाची गोणी ओतत नाही. नत्राची कमतरता असेल, लोहाची असेल, किंवा मुळाशी पाणी साचले असेल. कोड हे असेच पिवळे पान आहे. कॉम्प्रेसर खरोखर थकलेला असू शकतो. पण एखादी पिशवी किंवा नळीचा सांधा गळत असला, तर तो बिचारा दिवसभर हवा भरून भरूनच थकलेला असतो. गळती तशीच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. पंक्चरवाला करतो तेच करावे : साबणाचे पाणी सांध्यांवर लावून बुडबुडे पाहावेत. मग स्कॅनरवर चारी कोपऱ्यांची उंची आणि टाकीतला दाब चालू स्थितीत वाचावा. हे चालू आकडे दाखवणे, हीच चांगल्या स्कॅनरची खरी परीक्षा. नुसते कोड वाचणारा आणि पुसणारा स्कॅनर अर्ध्या कामाचा.

याच गाडीत जुन्या बनावटीच्या कॉम्प्रेसरऐवजी नव्या बनावटीचा बसवला, तर सस्पेन्शनच्या संगणकातील प्रोग्रामही बदलावा लागतो. तेव्हा विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला मॉडेल आणि साल सांगून स्पष्ट विचारावे : हा स्कॅनर एअर सस्पेन्शन वाचतो का? उंची जुळवून देतो का? एबीएस आणि एअरबॅग वाचतो का? मोटारीवर चालणारा हँडब्रेक सोडवून देतो का? ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ हे उत्तर आले तर पैसे खिशातच ठेवावेत.

कोणत्या गाडीला काय, ते थोडक्यात सांगतो. डिस्कव्हरी ३, डिस्कव्हरी ४ आणि त्याच काळातील रेंज रोव्हर स्पोर्टसाठी गॅप कंपनीचे आयआयडी टूल मालकवर्गात नावाजलेले आहे. डिस्कव्हरी २ आणि १९९४ ते २००२ मधील रेंज रोव्हरसाठी नॅनोकॉम वापरतात. या रेंज रोव्हरचे सस्पेन्शन तर बिघाड नोंदवून स्वतःला कुलूपच घालते. ते फक्त उघडायचे असेल तर जुना लॅपटॉप, केबल आणि एक छोटा मोफत प्रोग्राम एवढ्यावरही भागते. बाकी ही खास यंत्रे साध्या ॲडॅप्टरच्या कितीतरी पट महाग पडतात. शिवाय ती ठरावीक गाड्यांपुरतीच खुली असतात आणि पुढच्या गाडीला वेगळा परवाना घ्यावा लागतो. तालुक्यातल्या तीन-चार मालकांनी फवारणी पंपासारखे वर्गणीत एकच यंत्र घ्यायचे ठरवले, तर ही अट आधी वाचावी.

साधे ॲडॅप्टर अगदीच टाकाऊ असे मात्र नाही. २०१० नंतरच्या गाडीला इंजिनापुरते ते उपयोगी पडते, आणि जुनी गाडी विकत घेताना तर फारच. विकणारा आदल्या दिवशी कोड पुसून दिवे विझवून ठेवतो. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पुसल्या जातात. ‘रेडिनेस’ या पानावर त्या अपुऱ्या दिसल्या, किंवा कोड पुसल्यापासून गाडी दहा-बारा किलोमीटरच चालल्याचा आकडा दिसला, तर सौदा आठवडाभर पुढे ढकलावा. मात्र या ॲडॅप्टरांत नकली माल फार आहे. त्यातील ईएलएम ३२७ ही मूळ चिप कॅनडातील एका कंपनीची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात ‘आवृत्ती १.५’ म्हणून जे विकतात, ती आवृत्ती तिने कधी काढलीच नव्हती.

कंपनीच्या वर्कशॉपचा प्रोग्राम चोरून उतरवलेल्या सीडी आणि पेन ड्राइव्हही मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. वाचणे वेगळे आणि गाडीच्या संगणकात लिहिणे वेगळे. लिहिताना मध्येच काही अडले तर संगणक निकामी होतो. तो बदलून नवा गाडीशी जुळवायचा खर्च ऐकूनच घाम फुटेल.

या सगळ्याच्या आधी तीनशे-चारशे रुपयांचा मल्टीमीटर घ्यावा. मोटारपंपासाठी तो पुष्कळ घरांत असतोच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते का, आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास जाते का, हे पाहावे. बॅटरी अशक्त असली की गाडी एकदम दहा ठिकाणचे खोटे बिघाड सांगते. अशा वेळी स्कॅनर लावून कोड मोजीत बसण्यात दिवस जातो.

मुलगा-मुलगी जे कोणी स्कॅनर हाताळील, त्यांना दोन गोष्टी बजावून ठेवाव्यात. कोड पुसण्यापूर्वी तो, तारीख आणि किलोमीटर दुधाच्या वहीसारखे एका वहीत लिहावे. आणि गाडीखाली कोणी असताना सस्पेन्शनला हात लावू नये. फोनवरच्या एका बटणाने दोन टनांवर वजनाची गाडी खाली येते, म्हणून हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली भक्कम घोडे लावल्याशिवाय कोणीही शिरू नये. काम झाले की ॲडॅप्टर सॉकेटातून काढून ठेवावे. तिथेच राहिले तर ते बॅटरी पीत राहते आणि चार-आठ दिवस गाडी उभी असली की ती सुरू होत नाही.