पंधरा दिवसांच्या हंगामात विश्रांती कुठे बसवायची?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम मे महिन्याच्या आसपास येतो आणि जेमतेम दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. मजुरी दिवसावर नसते, पुड्यावर असते. ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. मनरेगाचे दर ठरवताना आठ तासांच्या कामात एक तास विश्रांतीचा धरण्याचा नियम कायद्याच्या अनुसूचीत होता. पुड्याच्या दरात तशी जागा नाही. जो बसला, त्याचे पुडे घटले.

त्यात मे महिना. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे इथे नवलाचे नाही. बाहेरच्या उन्हाइतकीच शरीराच्या आतली उष्णताही महत्त्वाची. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातील बहुतांश भागाची उष्णताच होते, आणि ती घामावाटे बाहेर पडावी लागते. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. उष्णतेला शरीर सरावते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की उन्हातल्या कामावर नवख्या माणसाने पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्केच काम करावे आणि रोज थोडे वाढवावे. अनुभवी माणसानेही निम्म्यापासून सुरुवात करावी. पंधरा दिवसांच्या हंगामाला हा हिशेब लावला तर शरीर सरावते न सरावते तोच फळी बंद झालेली असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणाऱ्यांना थोडा सराव असतो, एवढाच दिलासा.

मग भल्या पहाटे निघावे? तिथे वाघ आहे. ब्रह्मपुरी परिसरात मोहफुले आणि तेंदूच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात, आणि झुंजूमुंजू उजेडात वाकून पाने तोडणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. म्हणजे अंधाराची वेळ वर्ज्य, दुपारही वर्ज्य. उरतात सकाळचे चार-पाच तास. दुपारी घरी सावलीत बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर न्यायचे, ही जुनी रीत त्या दृष्टीने शहाणपणाची आहे. पाने लांबच्या जंगलात असली की ती मोडते.

अंदाज बांधताना माणूस चुकतो तो नेहमी एकाच बाजूला. कॅनडातील एका प्रसिद्ध अभ्यासात (१९९४) विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले. लागले ५५ दिवस. सगळे काही बिघडले तर किती लागतील, या प्रश्नाचे उत्तरही ४९ च्या पुढे गेले नव्हते. वेळ वाढवून दिला की काम पसरते, हा पार्किन्सनचा टोला १९५५ पासून कार्यालयांना लागू पडत आला आहे. पुड्यावर पोट असलेल्याला तो लावणे मात्र अन्यायाचे. त्याच्या अंदाजात घातलेले दोन जास्तीचे दिवस चुकारपणाचे नसतात. अवकाळी पावसाचे, तापाचे आणि सावलीत बसण्याचे असतात. आता अनेक ग्रामसभा स्वतःच तेंदूचा लिलाव करतात. करारातच तेवढे दिवस मागण्याची संधी त्यांना आहे.

फळी बंद झाली की उलटा प्रश्न. रोवणीला अवकाश असतो आणि हाताला काम नसते. ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावात गिरणी बंद पडल्यावर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी रिकामपणाची पाहणी केली. वेळ मुबलक असूनही, आणि वर्गणी माफ केलेली असूनही, वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके जवळपास निम्म्यावर आली होती. पुरुष रस्त्यात थांबत थांबत, संथ चालत. दिवसाला बांधणारे काही उरले नव्हते. त्यामुळे कामाच्या दिवसांतली उठण्या-जेवण्याची वेळ रिकाम्या दिवसांतही सोडू नये, असे झोपेचे डॉक्टर सांगतात. त्याने झोप टिकते, मरगळ कमी होते.

त्याच मारिएनथालमध्ये बायका मात्र भरभर चालत होत्या. घरकाम थांबले नव्हते. इथेही हंगामानंतर बाईला मोकळा महिना क्वचितच मिळतो. सरपण भरायचे असते, आणि पावसाआधी घरावरचे कवेलू फेरायचे असतात.